"९४ टक्के एआय" म्हणजे नक्की काय? बॉट पकडणाऱ्या सेवेचा रिव्ह्यू

पाचपैकी दोन तारे. त्यातले दीड एका अशा सोयीसाठी, जिची कंपनीने धड जाहिरातही केलेली नाही. उरलेला अर्धा जोडणी सोपी आहे म्हणून.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समुदायात मी मॉडरेटर आहे, अर्थात बिनपगारी. रोज नवी माणसं येतात, चार ओळींत स्वतःची ओळख करून देतात, अडलेला कोड चिकटवतात आणि आम्ही काही जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून त्यांना मार्गाला लावतो. अलीकडे या नव्या मंडळींमधले काही जण माणसं नसावीत असं आम्हा सगळ्यांनाच वाटायला लागलं. पण हे बोलून दाखवायचीही चोरी. शंका खरी निघाली तर ठीक, नाहीतर धीर करून पहिलाच प्रश्न विचारणाऱ्या एखाद्याला आपण "तू बॉट आहेस का?" म्हणून बसतो आणि तो पुन्हा फिरकत नाही. हा निवाडा आपल्या डोक्यावर नको, मशीनने करावा, या विचाराने आम्ही समुदायाच्या वर्गणीतून एआयचा मजकूर ओळखणारी एक सेवा घेतली. नाव देत नाही. या जातीच्या ज्या ज्या सेवांची ट्रायल घेतली त्या आतून एकमेकींच्या बहिणीच निघाल्या, त्यामुळे तुम्ही कुठलीही घेणार असाल तरी खालचं बरंचसं लागू पडेल.

जोडणीबद्दल तक्रार नाही. एक की चिकटवायची, कुठल्या विभागातले मेसेज तपासायचे ते निवडायचं, झालं. नव्या सदस्याचा पहिला मजकूर पडला की डॅशबोर्डवर त्याच्यापुढे एक टक्केवारी येते. हिरवी, पिवळी किंवा लाल. एक मात्र घेतल्या घेतल्या करा: सेटिंगमध्ये "९० टक्क्यांच्या वर आपोआप रोखा" हे बटण आधीपासून चालू असतं, ते बंद करा. ते चालू असलं तर नव्या माणसाला नुसतं "तुमचा मजकूर तपासणीत आहे" एवढंच दिसतं. का, किती वेळ, कुणाला विचारायचं, काही नाही. दाद मागायची सोयच ठेवलेली नाही. आम्हाला कळायच्या आत बिचारा निघून गेलेला असतो.

आता मुख्य मालाकडे, म्हणजे त्या टक्केवारीकडे.

एका मुलीचा प्रश्न आला. सुबक परिच्छेद, अतिशय नम्र इंग्रजी, शेवटी "आपल्या मार्गदर्शनाबद्दल आगाऊ आभार". सेवेने शिक्का मारला: ९४ टक्के एआय, लालभडक. माझ्याबरोबर ड्यूटीवर असलेल्या सहकाऱ्याने लगेच विचारलं, "उडवू का?" मी म्हटलं, "थांब रे, आधी ट्रेसबॅक तर बघ." ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एरर कुठे आली ते सांगणाऱ्या मजकुरात, फाइलचा पत्ता होता. वनड्राइव्ह, त्यात डेस्कटॉप, त्यात "न्यू फोल्डर (२)", त्यात "फायनल", त्यात "फायनल खरं" आणि सगळ्यात आत टेस्ट३ नावाची फाइल. एरर ३७व्या ओळीवर, इंडेक्सएरर, लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज, म्हणजे यादीत नसलेला क्रमांक मागितला. तिने चिकटवलेल्या कोडमध्ये मोजून ३७वी ओळ काढली, तर तीच होती: प्रायसेस नावाच्या यादीतला आय क्रमांकाचा घटक बेरजेत मिळवणारी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.११ आवृत्तीपासून पुढे एररच्या ओळीखाली नेमका दोषाचा तुकडा दाखवणाऱ्या नागमोडी आणि टोपीच्या आकाराच्या खुणा येतात, त्याही जागच्या जागी. मी लिहिलं, "लूपच्या आत आय आणि यादीची लांबी, दोन्ही प्रिंट करून सांग." काही वेळाने मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो आला. तिरका, अर्धा भाग दिव्याच्या चमकेने पांढरा पडलेला. सोबत एक ओळ, या खेपेला मोडक्या इंग्रजीत: आय पाचपर्यंत जातोय, लांबी पण पाचच आहे, मग अडचण काय? मोजणी शून्यापासून सुरू होते, शेवटचा क्रमांक चार, हे सांगितल्यावर तिचं तिलाच उमगलं. पहिला मजकूर इतका चकचकीत का, हेही तिने न विचारता सांगितलं. आधी दुसरीकडे कुणीतरी तिच्या इंग्रजीची टर उडवली होती, म्हणून आता ती प्रत्येक प्रश्न चॅटबॉटकडून नीटनेटका करून घेते.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सेवा बरोबर होती. ते इंग्रजी मशीनचंच होतं. फक्त आम्ही विचारलेला प्रश्न तो नव्हता.

त्याच आठवड्यातला दुसरा नमुना. सगळी अक्षरं लहान लिपीतली, दोन-तीन शब्दांचं स्पेलिंग चुकलेलं, "मंडळी नवीन आहे जरा अडकलोय" अशा धाटणीचं. सेवेचा शेरा: १२ टक्के, हिरवं. प्रश्न सीएसव्ही फाइल वाचण्याचा, कीएरर येतेय, "अमाउंट" नावाचा कॉलम सापडत नाही. पायथन ३.१२ वापरतो असं वरच लिहिलेलं. ट्रेसबॅकनुसार एरर ४२व्या ओळीत, आणि चिकटवलेला सगळा कोड जेमतेम वीस ओळींचा. फाइलचा पत्ता "पाथ टू युअर प्रोजेक्ट", जसा नमुन्याच्या कोडमध्ये असतो. ३.१२ म्हणावं तर एररखालच्या त्या खुणांचा पत्ता नाही. तरीही म्हटलं, असेल बाबा, कुणी घाईत कुठून तरी अर्धं कॉपी केलं असेल. विचारलं, "फाइलमधल्या कॉलमांची नावं प्रिंट करून दाखव." डोळ्याचं पातं लवायच्या आत लांबलचक उत्तर आलं. "उत्तम मुद्दा!" अशी सुरुवात, मग तीन शक्यता: नावाआधी न दिसणारं बीओएमचं चिन्ह असेल, नावात फालतू स्पेस असेल, किंवा लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असेल. तिन्ही शक्यता शंभर टक्के बरोबर. कॉलमांची नावं तेवढी नाहीत. पुन्हा मागितली, तेव्हा दिलगिरी व्यक्त करून एक यादी दिली, आणि त्या यादीत "अमाउंट" जसाच्या तसा होता, ना बीओएम, ना स्पेस. मग एरर आली कुठून? हे विचारल्यावर पुन्हा "उत्तम निरीक्षण!"

हे दोन नमुने शेजारी ठेवले की या सेवेचं दुखणं कळतं. ती पाहते काय, तर शब्दांमागून शब्द किती अंदाजाबरहुकूम येतात आणि वाक्यांच्या लांबीत किती चढउतार आहे. पुढचा शब्द सहज ओळखता आला, वाक्यं एका मापाची निघाली, की आकडा चढतो. आता परक्या भाषेत लिहिणाऱ्याकडे शब्दसाठा मोजका असतो. तो शाळेत घोटलेली वाक्यं वापरतो, म्हणून त्याचा आकडा आपोआप चढतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले, लिहिणारी सगळी हाडामांसाची माणसं असून. पुढची गंमत तर अशी की तेच निबंध चॅटजीपीटीकडून शब्दांनी सजवून घेतल्यावर ते मानवी ठरण्याचं प्रमाण वाढलं. आमच्याकडे येणाऱ्यांत इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेलेच जास्त. आणि उलट बाजूला, बॉट चालवणाऱ्याने त्याला द्यायच्या सूचनेत, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, "जरा चुका करत, सैल भाषेत लिही" एवढं सांगितलं की भागतं.

त्यात आमचा मजकूर कोडमिश्रित. ही सेवा कोड वेगळा काढत नाही, तोही भाषेसारखाच वाचते. पांडाज ही डेटा हाताळायची लायब्ररी इम्पोर्ट करायची ओळ जगात सगळे सारखीच लिहितात, ती काय वेगळी लिहिणार? कोड जितका साधा आणि शिकाऊ, तितका आकडा वर. मी एका जुन्या, ओळखीच्या सदस्याचा कित्येक वर्षांपूर्वीचा प्रश्न, चॅटजीपीटी जन्माला यायच्या आधीचा, मुद्दाम टाकून पाहिला. पिवळा आला. कोड काढून टाकला, हिरवा झाला. सपोर्टला हे कळवलं. सपोर्टची चॅट एक बॉटच सांभाळतो, त्याने माझ्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार मानले.

जाहिरातीतल्या अचूकतेच्या आकड्यावर जाऊ नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ३१ जानेवारी २०२३ रोजी असा डिटेक्टर काढला होता. त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं होतं की एआयने लिहिलेल्यातलं २६ टक्केच तो ओळखतो, माणसांनी लिहिलेलं ९ टक्के चुकून एआयच्या खात्यात टाकतो आणि हजार अक्षरांहून लहान मजकुरावर तर त्याचा भरवसाच धरू नका. त्याच वर्षी जुलैमध्ये कमी अचूकतेचं कारण देऊन तो बंद केला. हेच आकडे एखाद्या समुदायाला लावून बघा. हजार नवे सदस्य आले, त्यात समजा पन्नास बॉट. पकडले जाणार तेरा. आणि नाहक आरोपी ठरणार पंच्याऐंशी माणसं. आजच्या सेवा त्याहून सुधारल्या असतीलही, पण खरी माणसं बॉटांपेक्षा कितीतरी जास्त असतात तोवर चुकीचं प्रमाण थोडंसं असलं तरी त्याची झळ माणसांनाच जास्त बसते. आणि नवख्यांचे प्रश्न हजार अक्षरांचे असतात कुठे?

यावरून भांडणंही झालेली आहेत. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने डिसेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी येऊन आठवडा होतोय न होतोय तोच, त्याच्या उत्तरांवर बंदी घातली. उत्तरं दिसायला झकास पण बरोबर निघायचं प्रमाण फार कमी, हे कारण. पुढच्या वर्षी कंपनीने पवित्रा बदलला आणि मॉडरेटरांना सांगितलं की नुसत्या एआयच्या संशयावरून कारवाई करू नका, डिटेक्टर निरपराधांना पकडताहेत. त्यावर जून २०२३ मध्ये तिथले स्वयंसेवक मॉडरेटर संपावर गेले, तो ऑगस्टमध्ये मिटला. मला त्या भांडणात दोन्ही बाजूंचं पटतं. डिटेक्टर बेभरवशाचे हे खरंच. पण अनुभवी मॉडरेटरची नजर आणि डिटेक्टरचा आकडा एकाच मापाने मोजणं हाही अन्यायच. ४२व्या ओळीची एरर वीस ओळींच्या कोडमध्ये कशी, हे बघायला टक्केवारी लागत नाही.

कुणी विचारेल, बॉट असला तर बिघडलं काय? प्रश्न विचारतो, उत्तर मिळतं, दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होतोच की. आमच्यातल्याच एकाचं हे मत होतं. हा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा थांबते इथे.

पहिली गोष्ट, हे बॉट कुणीतरी कशासाठी तरी सोडलेले असतात. एक साधा धंदा म्हणजे अकाउंट पिकवणं. निरुपद्रवी प्रश्न विचारायचे, आभार मानायचे, अकाउंट जुनं होऊ द्यायचं आणि मग जुन्याच मेसेजात मागच्या दाराने एखादी लिंक घुसवायची. दुसरा प्रकार जास्त वाईट. आमच्या त्या हिरव्या १२ टक्केवाल्याने दोन दिवसांनी दुसऱ्या एका नवख्याला एक पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, सुचवलं. मी पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या पॅकेजांच्या जाहीर साठ्यावर, शोधलं, त्या नावाचं पॅकेजच नाही. हे ऐकायला विनोदी वाटतं, पण त्यावर एक अख्खी चोरवाट तयार झाली आहे. भाषा-मॉडेलं अस्तित्वात नसलेली पॅकेजं ठोकून देतात, आणि तीच तीच नावं वारंवार देतात. कुणी त्या नावाने आधीच एखादं विषारी पॅकेज टाकून ठेवलं की सल्ला ऐकून इन्स्टॉल करणारा नवखा आयताच सापडतो. या प्रकाराला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या मॉडेलांकडून पाच लाख शहात्तर हजार कोडचे नमुने लिहून घेतले होते, त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळजवळ २० टक्के जगात कुठेच नव्हती.

आणि सोंग घेणाऱ्याला मशीनच असावं लागतं असंही नाही. एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या, फाइली आटवायच्या साधनाचं प्रकरण आठवत असेल. "जिया टॅन" नावाने कुणीतरी २०२१ पासून गुपचूप, गोडीगुलाबीने छोटी छोटी कामं करत राहिलं, विश्वास कमावला, मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारं, झालं आणि मग चोरून शिरायचं मागचं दार बसवलं. मार्च २०२४ मध्ये ते उघडकीस आलं तेही एका इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावावासा वाटला म्हणून. तिथे कुठला डिटेक्टर काय करणार होता?

दुसरी गोष्ट, मला जास्त लागणारी. उत्तर द्यायला माझा वेळ जातो, प्रश्न बनवायला बॉटाचा जात नाही. इंटरनेटवरून डेटा आणणारं साधन बनवणाऱ्या कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग हे कित्येक दिवस सांगत होते. २०२५ च्या मध्याला त्यांचा हिशेब असा होता की सुरक्षेच्या त्रुटी कळवणाऱ्या अहवालांपैकी साधारण पाचवा हिस्सा एआयचा कचरा, आणि खऱ्या त्रुटी निघतात जेमतेम पाच टक्क्यांत. अहवाल वाचायला मात्र प्रत्येक वेळी माणसंच बसवावी लागतात. शेवटी जानेवारी २०२६ अखेर त्यांनी त्रुटी कळवणाऱ्याला बक्षीस द्यायची योजनाच गुंडाळली. त्यानंतर लगेच फेब्रुवारीत मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या पायथन लायब्ररीत जे झालं ते आमच्या विषयाला अगदी चिकटून आहे. तिथे काही सोपी कामं नव्या माणसांना हात बसावा म्हणून मुद्दाम राखून ठेवतात. एका एआय एजंटने, म्हणजे स्वतःहून कामं करणाऱ्या बॉटने, त्यातलंच एक काम करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती, पाठवली. हे काम शिकणाऱ्या माणसांसाठी आहे, असं सांगून मेंटेनरने ती बंद केली, तर त्या एजंटने मेंटेनरच्या नावाने जाहीर टीकेचा लेख लिहून टाकला. काम कदाचित ठीकही असेल. पण ते काम कामासाठी ठेवलेलंच नव्हतं. आमचंही तसंच आहे. शून्यापासून मोजायचं हे मी हजारदा समजावलंय आणि आणखी हजारदा समजावेन, कारण समोरचा ते एकदाच शिकणार असतो.

सेवेबरोबर "मानव पडताळणी" नावाचं जोडपान फुकट मिळतं. म्हणजे कॅप्चा, दुसरं काय. आम्ही ते बसवलं आणि काढलं. २०२४ मध्ये ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी गूगलच्या रीकॅप्चा व्ही२ची चित्रकोडी शंभर टक्के सोडवून दाखवली, तीही सहज मिळणारं चित्रओळखीचं मॉडेल वापरून. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जीपीटी-४ च्या एका चाचणीत तर मॉडेलने "मला नीट दिसत नाही" अशी थाप मारून पैसे घेऊन काम करणाऱ्या माणसाकडून कॅप्चा सोडवून घ्यायचा घाट घातला होता. आणि ज्यांना खरंच दिसत नाही, स्क्रीन रीडरवर कोड लिहितात, असे आमचे सदस्य मात्र या कोड्यांपाशी अडून बसत होते.

आता ते दीड तारे.

डॅशबोर्डच्या तळाशी "समूह" नावाचं एक पान आहे. मदतपुस्तिकेत त्यावर दोन ओळीसुद्धा नाहीत. हे पान एकेका मजकुराचा निवाडा करत नाही, नव्या सदस्यांचे मजकूर एकमेकांशी ताडून बघतं आणि सारख्या सांगाड्याचे एकत्र लावतं, वेळेसकट. इथे मजा आहे. एके दिवशी पाच ओळखी एका रांगेत दिसल्या. "काही वर्षं अमुक क्षेत्रात काढली, आता तमुककडे वळतोय, इथल्या अनुभवी मंडळींकडून शिकायला उत्सुक आहे." एकीत लेखापाल, दुसरीत नर्स, तिसरीत संगीतशिक्षक. प्रत्येकाचा सुटा आकडा हिरवा किंवा पिवळा, पण पाचही मेसेज घड्याळ लावल्यासारखे सारख्या अंतराने आलेले, आणि पाचही जणांनी फक्त एकमेकांनाच पसंतीचे अंगठे दिलेले. मी काहीच केलं नाही, नुसत्या खुणा करून ठेवल्या. याच पानावर जुना मेसेज बदलला की सूचना येते. काही आठवड्यांनी संगीतशिक्षकांच्या ओळखीत एका ऑनलाइन कोर्सची लिंक उगवली, मागोमाग नर्सच्याही. मग मात्र पाचही अकाउंटं एका झटक्यात बंद केली, आणि त्या दिवशी कुणाच्या मनात किंतु नव्हता.

हे पान आंधळेपणाने वापरायचं नाही, तेही सांगते. एका संध्याकाळी असाच मोठा घोळका लागला. वीसेक नवे सदस्य, सगळ्यांचा प्रश्न तोच, बँक खात्याचा क्लास लिहायचा आणि शिल्लक वजा होऊ द्यायची नाही. सहकारी म्हणाला, "हे बघ, फौजच आली." ती फौज कुणा मास्तरांनी गृहपाठ देऊन पाठवलेली निघाली. कशावरून ओळखलं? प्रश्न एक असला तरी चुका वीस तऱ्हेच्या होत्या. एकाने सेल्फ लिहायचं विसरलं होतं, एकाने शिल्लक स्ट्रिंगमध्ये ठेवली होती, एकीचं इंडेंटेशन टॅब आणि स्पेसची खिचडी, एकाने तर प्रश्नातली आकृतीच कोड म्हणून चिकटवली होती. बॉटांच्या टोळीत शब्द बदलतात आणि चूक तीच राहते. वर्गातल्या पोरांचं नेमकं उलटं. सेवेने हे मोजायला हवं, अशी सूचना मी सपोर्टला केली आहे. मौल्यवान अभिप्राय म्हणून जमा झाली असणार.

एक गंभीर तक्रार राहिली. नव्या सदस्यांचा सगळा मजकूर या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. नवखे लोक कोड चिकटवताना त्यात काय काय ठेवतात ते आम्हाला विचारा: डेटाबेसचे पासवर्ड, एपीआयच्या किल्ल्या, एकाने तर ऑफिसच्या ग्राहकांची यादीच. आम्ही ते दिसताक्षणी पुसतो आणि किल्ली बदलायला सांगतो. पण आमच्या पुसण्याआधी ते कंपनीकडे पोचलेलं असतं, आणि तिथे किती काळ राहतं? अटींमध्ये लिहिलंय, "सेवा सुधारण्यासाठी आवश्यक तितका काळ". हे उत्तर झालं? आम्ही आता मजकूर पाठवण्याआधी किल्ल्यांसारख्या दिसणाऱ्या ओळी गाळणारी छोटी स्क्रिप्ट मध्ये बसवली आहे. हे काम सेवेचं होतं.

टक्केवारी बाजूला ठेवल्यावर आमची पद्धत काय, तर पहिल्या उत्तरात उत्तर द्यायचंच नाही. काहीतरी चालवून दाखवायला सांगायचं, छोटंसं, त्यांच्याच मशीनवरचं. ओळख देतानाच्या अर्जात एक चौकोनही ठेवला आहे: मजकूर एआयकडून सुधारून घेतला असेल तर खूण करा, काही बिघडत नाही. कर्लनेही मे २०२५ पासून अहवाल देणाऱ्याला एआय वापरलं का असं विचारायला सुरुवात केली होती, कल्पना तिथूनच उचलली. लोक बिनदिक्कत खूण करतात. लाल टक्केवारीवाले बरेचसे याच चौकोनात सापडले.

हाही उपाय कायमचा नाही, कल्पना आहे. आताचे एजंट कोड खरोखर चालवतात, खरा ट्रेसबॅक आणतात, त्यात ओळींचे क्रमांक जुळतात आणि खुणाही जागच्या जागी असतात. अशा एकाने मला परवा तासभर व्यवस्थित खेळवलं असावं, अशी शंका आहे. तो बॉट होता का हे मला आजही ठरवता येत नाही, आणि या सेवेने त्याला दिलेले ४८ टक्के म्हणजे नाणं उडवण्यासारखंच. त्याने विचारलेल्या गोष्टीचं पुढे त्याने काय केलं, हे मी आठवड्याने विचारलं होतं. उत्तर आलेलं नाही. अर्थात खरी माणसंही अशा प्रश्नाला कुठे उत्तर देतात.

घ्यावी का? समुदाय मोठा असेल, लिंका घुसवणाऱ्या टोळ्यांनी हैराण केलं असेल, तर त्या समूहाच्या पानासाठी घ्या, सगळ्यात स्वस्त योजना. ते पान तिच्यातही आहे, महागड्या योजनेत जास्तीचं मिळतं ते टक्केवारीचे आलेख. समुदाय लहान असेल, रोजचे नवे सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, तर पैसे घालवू नका. आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर तुमचा रेपो, म्हणजे प्रकल्पाचा कोड, असेल तर तिथे फुकटात सोय आहे. नव्याकोऱ्या अकाउंटांना किंवा आधी काहीच योगदान नसलेल्यांना चोवीस तासांपासून सहा महिन्यांपर्यंत तात्पुरतं थोपवता येतं. हल्ला चालू असताना ते पुरतं, एरवी मात्र चालू ठेवू नका, खरे नवखेही त्यात अडकतात.

आमची वर्गणी संपायला अजून अवकाश आहे, तोवर चालू ठेवतोय. टक्केवारीचा कॉलम मी सगळ्या मॉडरेटरांसाठी लपवला आहे. तो पर्याय "डिस्प्ले"खाली "प्रगत" मध्ये आहे, सहज सापडत नाही, आणि दर अपडेटनंतर कॉलम पुन्हा दिसायला लागतो, तेव्हा तपासत राहा.